गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरातील शुश्रूषा

शस्त्रक्रिया म्हटली म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे रुग्णालयातील प्रखर दिवे, तोंडावर पट्टी बांधलेले वैद्य आणि चकाकणारी शस्त्रे उभी राहतात. तो दोन-तीन तासांचा प्रसंग पार पडला, रुग्ण शुद्धीवर आला आणि चार-सहा दिवसांनी घरी परतला की सर्व काही संपले, अशी घरच्या मंडळींची समजूत होते. वस्तुतः त्या वेळी उपचाराचा केवळ पूर्वार्ध संपलेला असतो. कापलेले ऊतक पुन्हा सांधण्याचे काम शल्यचिकित्सक करीत नाही. तो त्याच्या कडा टाक्यांनी जवळ आणून ठेवतो, इतकेच. सांधण्याचे खरे काम रुग्णाचे शरीर करते, आणि त्यास लागणारे आठवडे रुग्णालयात नव्हे, तर घरी जातात.

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस, म्हणजे बोलभाषेत ज्याला ‘पिशवी काढणे’ म्हणतात त्यास, ही गोष्ट विशेषच लागू पडते. आपल्या घरांतून बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत जुनी आहे. तिने ओझे उचलू नये, तिच्या जेवणाकडे कोणीतरी लक्ष द्यावे, तिला माहेरी विसावा मिळावा, हे कोणास शिकवावे लागत नाही. गर्भाशय काढलेल्या स्त्रीलाही शरीरशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ तितक्याच मुदतीची आवश्यकता असते. परंतु पाळण्यात मूल नसल्यामुळे तिच्या विश्रांतीला घरात नाव नाही आणि रीतही नाही. ती रीत का असावी आणि कशी असावी, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

गर्भाशय आणि त्याचा शेजार

गर्भाशय हा उलट्या धरलेल्या नासपतीच्या आकाराचा, जाड स्नायूंचा बनलेला पोकळ अवयव होय. प्रौढ स्त्रीमध्ये गर्भ नसताना त्याची लांबी सुमारे ७.५ सेंटिमीटर, रुंदी ५ सेंटिमीटर व जाडी २.५ सेंटिमीटर असते. त्याच्या पुढे मूत्राशय असते, मागे गुदाशय असते आणि वर आतड्यांची वेटोळी असतात. दोन्ही बाजूंस बीजवाहिन्या व त्यांच्या टोकांशी अंडाशये असतात. खालच्या निमुळत्या भागास गर्भाशयग्रीवा म्हणतात; ती योनिमार्गात उघडते. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी या ग्रीवेच्या अगदी जवळून, गर्भाशयाच्या मुख्य रोहिणीच्या खालून जाते. एवढ्या लहानशा जागेत इतके अवयव एकमेकांस खेटून असल्यामुळे, गर्भाशय काढल्यानंतर काही दिवस लघवी व शौच यांच्या क्रिया सुरळीत होण्यास वेळ का लागतो, याचा उलगडा होतो.

गर्भाशय काढताना त्यास आधार देणारे बंध व रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बांधून कापाव्या लागतात. ग्रीवाही काढली असल्यास योनिमार्गाचे वरचे टोक टाक्यांनी बंद करावे लागते. ही शिवण बाहेरून दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याची घरात आठवण राहत नाही.

ही शस्त्रक्रिया तीन मार्गांनी होते : ओटीपोटावर छेद घेऊन, योनिमार्गातून, किंवा पोटावरील लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने. पहिल्या प्रकारात रुग्ण बहुधा तीन ते पाच दिवस रुग्णालयात राहतो, तर उरलेल्या दोहोंत एक ते तीन दिवस पुरतात. मोठ्या छेदाची जखम भरण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. इतर दोन मार्गांनी शस्त्रक्रिया झालेली स्त्री लवकर हिंडूफिरू लागते. परंतु आतील शिवण तिन्ही प्रकारांत सारखीच असते. ‘दुर्बिणीतून झाले आहे, म्हणजे काहीच झाले नाही,’ हा समज म्हणूनच घातक होय.

शस्त्रक्रियेचा अल्प इतिहास

पोट उघडून गर्भाशय काढण्याचा पहिला प्रयत्न इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८४३ मध्ये चार्ल्स क्ले यांनी केला. अंडाशयाची गाठ असावी असे समजून त्यांनी पोट उघडले होते. आत गर्भाशयाची गाठ निघाली. रुग्ण काही दिवसांतच दगावली. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, अमेरिकेतील लोवेल या गावी वॉल्टर बर्नहॅम यांच्यावरही तसाच प्रसंग आला. त्यांची रुग्ण मात्र वाचली. पुढे १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धतीने शस्त्रक्रिया करण्याचे तत्त्व मांडले आणि पोटातील शस्त्रक्रियांचे भय हळूहळू कमी झाले. १९८८ मध्ये हॅरी राइक यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया केली.

याच विषयाची दुसरी बाजू महाराष्ट्रातील वाचकांस जवळची वाटेल. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून विख्यात झाले. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयग्रीवेस टाका घालण्याची त्यांची पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. गर्भाशय खाली सरकून ‘अंग बाहेर येते’ अशा स्त्रियांचे गर्भाशय न काढता ते पट्टीच्या आधाराने वर धरून ठेवण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी योजिली. गर्भाशय काढणे हा उपचार खरा. परंतु वाचविता येण्याजोगे गर्भाशय वाचविणे हेही शास्त्रच होय, हा धडा त्यांच्या कार्यातून मिळतो.

जखम कशी भरते

जखम भरण्याची क्रिया तीन अवस्थांतून जाते. पहिल्या चार-सहा दिवसांत त्या जागी रक्ताचा पुरवठा वाढतो, सूज येते आणि पांढऱ्या पेशी मृत ऊतक व जंतू यांचा निचरा करतात. दुसऱ्या अवस्थेत, सुमारे तीन आठवड्यांपर्यंत, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि तंतुजनक पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागतात. हे धागे आरंभी वेडेवाकडे पडलेले असतात. तिसऱ्या अवस्थेत ते ताणाच्या दिशेने नीट रचले जातात व घट्ट होतात. हे काम कित्येक महिने चालते.

ऊतकाच्या बळाचे मापन केले असता असे दिसते की, पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेच्या सांध्यात मूळच्या बळाचा दहावा हिस्साही नसतो. तीन आठवड्यांनी ते बळ सुमारे २० ते ३० टक्के होते, आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. पूर्ण मूळचे बळ कधीच परत येत नाही. दरम्यान आतील टाके काही आठवड्यांत विरघळून जातात. म्हणजे धाग्याचा आधार कमी होत जातो आणि शरीराचा स्वतःचा सांधा अद्याप कोवळा असतो, असा एक काळ मध्ये येतो. नेमका याच काळात त्वचेवरील जखम सुकलेली असते, वेदना ओसरलेल्या असतात, आणि ‘आता बरी दिसते’ म्हणून घरातील कामे पुन्हा तिच्या अंगावर येऊ लागतात. वरून भरलेली जखम आतूनही भरली आहे असे मानणे, ही शुश्रूषेतील सर्वांत सामान्य चूक होय.

विश्रांती म्हणजे अंथरूण नव्हे

विश्रांतीचा अर्थ मात्र नीट समजला पाहिजे. पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास दोन-तीन आठवडे खाटेवरून हलू देत नसत. १८९९ मध्ये शिकागो येथील एमिल रीस यांनी रुग्णांस लवकर उठविण्याचा पुरस्कार केला. परंतु ही पद्धत सर्वत्र रूढ होण्यास दुसऱ्या महायुद्धाचा काळ उजाडावा लागला. एकाच जागी पडून राहिल्यास पायांच्या नीलांतील रक्त साकळते, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतते. म्हणून आज शस्त्रक्रियेनंतर बहुधा २४ तासांच्या आतच रुग्णास आधार देऊन चालविले जाते.

घरीही हाच नियम पाळावा. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे सपाट जागेवर चालणे आणि दर दोन-तीन दिवसांनी ते वाढविणे, ही उत्तम पद्धत होय. पडून असताना पावले वरखाली हलवावी व दीर्घ श्वास घ्यावा. जिना चढण्यास हरकत नाही. परंतु सावकाश, आणि आरंभी कोणाच्या तरी सोबतीने.

अंथरुणावरून एकदम ताठ उठून बसू नये. प्रथम कुशीवर वळावे, पाय खाली सोडावे आणि हातांचा रेटा देऊन उठावे. म्हणजे पोटाच्या स्नायूंवर ताण पडत नाही. खोकला किंवा शिंक आल्यास पोटाशी उशी घट्ट धरावी. खाट किंवा दिवाण असल्यास रुग्णास जमिनीवर निजवू नये. शौचास उकिडवे बसावे लागत असेल, तर काही आठवड्यांपुरती मधे भोक असलेली खुर्ची वापरावी. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचा खांदा दोन-तीन दिवस दुखतो. पोट फुगविण्यासाठी भरलेल्या वायूचा तो परिणाम असून तो आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही.

घरातील कामे आणि पोटावरील दाब

ओझे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो व पोटाचे स्नायू आवळतो. त्यामुळे पोटाच्या पोकळीतील दाब वाढतो. ही पोकळी चारही बाजूंनी बंद असल्याने तो दाब पोटाच्या भिंतीवरील व योनिमार्गाच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या सांध्यांवर येतो. यास्तव पहिले सहा आठवडे चार-पाच किलोहून अधिक वजन उचलू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ही मर्यादा वैद्यांगणिक थोडीफार भिन्न असते. म्हणून घरी निघतानाच ती विचारून घ्यावी.

चार-पाच किलो म्हणजे किती, हे घरातील वस्तूंवरून समजते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. दहा लिटरांची भरलेली कळशी म्हणजे दहा किलो, शिवाय कळशीचे स्वतःचे वजन. स्वयंपाकाच्या वायूच्या भरल्या टाकीत १४.२ किलो वायू असतो, आणि लोखंड धरून तिचे वजन सुमारे तीस किलो होते. एक वर्षाचे मूलही आठ-दहा किलोंचे असते. धुण्याची भिजलेली बादली, पाट्यावरील वाटण, कणीक तिंबणे, वाकून केर काढणे, ही सर्व कामे या यादीत येतात. ‘तू काही करू नकोस’ असे तोंडाने सांगणे पुरेसे नाही. पाणी कोण भरील, धुणे कोण धुईल, मुलाला कडेवर कोण घेईल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरले पाहिजे. ज्या घरात हे ठरलेले नसते, तेथे रुग्ण स्त्री आठव्या दिवशी स्वतःच उठून हंड्याला हात घालते. कारण घरातील पाणी संपलेले तिला सर्वांच्या आधी दिसते. ही वाटणी करताना पतीने व मुलग्यांनी पुढे येणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास हा भार केवळ सासू, जाऊ किंवा शाळकरी मुलगी यांच्यावर सरकतो, आणि मुलीची शाळा बुडते.

बीडच्या ऊसतोडणी कामगार स्त्रिया

ही वाटणी जेथे होऊ शकत नाही तेथे काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो स्त्रीपुरुष ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीस मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ दोघांनी मिळून श्रमाने फेडावयाची असते. पहाटेपूर्वी उठून स्वयंपाक करणे, दिवसभर वाकून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन वाहनात चढविणे, असा स्त्रीचा दिनक्रम असतो. एका दिवसाचा खाडा झाला तरी मजुरी बुडते, शिवाय दंड पडतो. राहण्यास पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. तेथे न्हाणी नाही, शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही.

२०१९ मध्ये या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे उघडकीस आले. तेव्हा राज्य शासनाने विधानपरिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. म्हणजे साधारणतः सहा जणींत एकीचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्या सारख्या पद्धतीच्या नसल्यामुळे ही तुलना ढोबळच म्हणावी लागेल. तथापि अंतर दृष्टीआड करण्याजोगे नाही.

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीच्या वेळी अतिरिक्त रक्तस्राव होणे, या तक्रारींसाठी यांतील पुष्कळ स्त्रिया वैद्यांकडे गेल्या होत्या. पांढरे जाण्याचे कारण पुष्कळदा जंतुसंसर्ग असते व ते औषधांनी बरे होते. परंतु कर्करोगाची भीती, पाळीच्या दिवसांतील खाडा टाळण्याची निकड आणि पुन्हा पुन्हा उपचार घेण्याची अडचण, यांमुळे ‘एकदा पिशवी काढून टाकावी’ हा मार्ग सोपा भासला. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज झाले, आणि कर्ज फेडण्यासाठी अनेकींना सांधे पुरते भरण्यापूर्वीच फडात उतरावे लागले. पुढे कंबरदुखी, थकवा, अंगातून वाफा आल्यासारखे वाटणे, या व्यथा त्यांना जडल्या.

या घटनेनंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम करण्यात आला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अंगीकारण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. शस्त्रक्रियेची खरोखर आवश्यकता आहे काय, हे दुसऱ्या तज्ज्ञास विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. कर्करोग किंवा जीवघेणा रक्तस्राव असेल तेव्हा विलंब करू नये. इतर वेळी प्रथम औषधोपचाराचा विचार व्हावा.

आहार व औषधे

नवे ऊतक प्रथिनांपासून बनते. म्हणून डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे, शेंगदाणे यांपैकी जे घरात चालते ते रोजच्या जेवणात असावे. कोलॅजनचे धागे पक्के होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते आवळा, पेरू व लिंबू यांत विपुल असते. रक्तस्रावामुळे अनेक स्त्रियांत रक्त आधीच कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. वैद्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असल्यास त्या लिंबूपाण्याबरोबर घ्याव्या, चहाबरोबर घेऊ नयेत. चहातील द्रव्यांमुळे लोहाचे शोषण कमी होते.

मलावरोध हा या काळातील मोठा शत्रू होय, कारण कुंथल्यामुळे पोटातील दाब वाढतो. भरपूर पाणी, पालेभाज्या, फळे आणि आवश्यक वाटल्यास वैद्यांच्या सल्ल्याने इसबगोल, एवढ्याने तो बहुधा टळतो. बाळंतिणीप्रमाणे पाणी तोडणे, शेक-शेगडी किंवा धुरी देणे या गोष्टी येथे करू नयेत. बाळंतिणीच्या रीतीतून घ्यावयाचे ते विश्रांतीचे व आस्थेचे तत्त्व. जखमेस हळद, राख किंवा तेल लावू नये. ती स्वच्छ व कोरडी ठेवावी. वेदनाशामक गोळ्या सांगितलेल्या वेळी घ्याव्या. वेदना दाबून ठेवणारी स्त्री चालणे व दीर्घ श्वास घेणे टाळते, आणि तेच अपायकारक ठरते.

धोक्याच्या खुणा

चार ते सहा आठवड्यांपर्यंत अंगावरून थोडासा तपकिरी किंवा लालसर स्राव जाणे स्वाभाविक आहे. परंतु पुढीलपैकी कोणतीही खूण दिसल्यास शल्यचिकित्सकास त्वरित कळवावे :

१. तासाभरात एक पट्टी भिजेल इतका रक्तस्राव, किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी जाणे.
२. ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा त्याहून अधिक ताप.
३. दुर्गंधीयुक्त स्राव, जखम लाल होणे, उकलणे किंवा तीतून पू येणे.
४. लघवी न होणे, लघवीला जळजळ होणे, किंवा लघवी सतत झिरपत राहणे.
५. पोट फुगून वांत्या होणे, वायू न सरणे.
६. एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे.
७. एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे.

शेवटची खूण फुप्फुसातील गुठळीची असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका बोलाविता येते.

अंडाशये राहिली की काढली?

घरच्या माणसांनी वैद्यांस अवश्य विचारावा असा एक प्रश्न आहे : अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत? गर्भाशय गेल्याने पाळी थांबते व गर्भधारणा होत नाही. परंतु स्त्रीत्वाचे अंतःस्राव गर्भाशयातून नव्हे, तर अंडाशयांतून निर्माण होतात. अंडाशये राहिली असतील तर ते चालू राहतात. मात्र रजोनिवृत्ती एरवीपेक्षा काही वर्षे लवकर येण्याचा संभव असतो. अंडाशये काढली असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात ओढवते. घाम फुटणे, अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, चिडचिड होणे ही तिची लक्षणे होत. पुढे हाडे ठिसूळ होण्याचाही धोका असतो. तरुण वयात असे झाल्यास संप्रेरकांच्या उपचाराविषयी तज्ज्ञाचा सल्ला घेतला पाहिजे. आहारात दूध, तीळ व नाचणी वाढवावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ही लक्षणे ‘नखरे’ नव्हेत, तर रक्तातील अंतःस्राव घटल्याचा परिणाम होय, हे घरातील प्रत्येकाने ध्यानात घ्यावे.

ग्रीवा ठेवली आहे काय, हेही विचारून घ्यावे. ती असल्यास तिच्या कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही करावी लागते. काढलेल्या अवयवाच्या ऊतकपरीक्षेचा अहवाल मागून घ्यावा आणि घरी सोडतानाच्या कागदासह जपून ठेवावा. दहा वर्षांनी दुसरा वैद्य ‘त्या वेळी काय काढले होते?’ असे विचारील, तेव्हा उत्तर त्या कागदातच सापडेल.

मनाची जखम

गर्भाशय गेले म्हणजे स्त्री ‘रिकामी’ झाली, तिचे बळ गेले, संसार संपला, असे समज समाजात आहेत. त्यांस शास्त्राचा आधार नाही. गर्भाशयाची मोकळी झालेली जागा आतड्यांची वेटोळी व्यापतात; पोटात पोकळी राहत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी वैद्यांनी तपासून अनुमती दिल्यानंतर पतिपत्नींचे संबंध पूर्ववत् होण्यास अडचण नसते. तोवर मात्र संयम पाळणे अत्यावश्यक आहे, आणि त्याची जबाबदारी पतीची आहे. असह्य रक्तस्रावातून सुटका झाल्याने कित्येक स्त्रियांना हलके वाटते. काहींना, विशेषतः अपत्य हवे असलेल्यांना, खोल दुःख होते. दोन्ही भावना स्वाभाविकच आहेत. रुग्णास उपदेशापेक्षा ऐकणाऱ्याची गरज अधिक असते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवणात व झोपेत बिघाड झाला, तर तीही वैद्यांस सांगण्याजोगी बाब होय.

समारोप

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येते. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या तारखेवर घरातील दिनदर्शिकेत एक खूण करावी. त्या खुणेपर्यंत पाणी भरणे, धुणे, ओझे व मूल उचलणे ही कामे नावानिशी इतरांकडे द्यावी. आणि ती खूण आली तरी वैद्यांची तपासणी होईपर्यंत ती परत करू नयेत. ज्या घरात एका दिवसाच्या मजुरीवर चूल पेटते तेथे हे सोपे नाही, हे बीडच्या उदाहरणावरून दिसलेच. तेथे शेजार, बचतगट, मुकादम व कारखाना यांचाही वाटा आहे. कारण सांधा जुळण्यास लागणारा काळ कोणाच्या उचलीवर किंवा हंगामावर अवलंबून नसतो. बाळंतिणीचा सव्वा महिना समाजाने शतकानुशतके पाळला, तो माता वाचावी म्हणून. तेवढीच मुदत या स्त्रीलाही मिळाली, तर शल्यचिकित्सकाने टेबलावर आरंभिलेले काम घरी पूर्ण होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. त्वचेवरील जखम सुकल्यानंतरही जड काम का करू नये?
२. शस्त्रक्रियेनंतर सतत पडून राहिल्याने कोणता धोका संभवतो?
३. आपल्या घरातील पाच वस्तूंची वजने करून, त्यांपैकी कोणत्या वस्तू रुग्ण स्त्रीने उचलू नयेत ते लिहा.
४. अंडाशये ठेवणे व काढणे यांच्या परिणामांतील फरक सांगा.
५. घरातील एका दिवसाच्या कामांची यादी करा व ती सहा आठवड्यांसाठी घरातील व्यक्तींमध्ये वाटून दाखवा.